एम.टेक. की एम.एस.?

गेट परीक्षेचा निकाल मार्चमध्ये जाहीर होतो आणि नेमक्या त्याच सुमारास परदेशी विद्यापीठांची प्रवेशपत्रेही येऊ लागतात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर मागतात, आयआयटींच्या एम.टेक. जागावाटपाच्या फेऱ्या मात्र सर्वसाधारणपणे मे महिन्यात सुरू होतात. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा निर्णय त्यामुळे बहुतेक घरांत घाईने घेतला जातो.

खर्चाचा हिशेब पुष्कळदा शुल्क आणि विमानाचे भाडे यांपाशी थांबतो. समजा, परदेशी एम.एस.साठी दहा टक्के सरळ व्याजाने ४० लाख रुपयांचे कर्ज घेतले आणि निम्मी रक्कम पहिल्या, निम्मी दुसऱ्या वर्षाच्या आरंभी उचलली. अभ्यासक्रमाची दोन वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. व्याजाला मात्र अशी सुट्टी नाही. परतफेड सुरू होते त्या दिवशी देणे ५० लाखांवर पोचलेले असते आणि दहा वर्षांच्या मुदतीसाठी मासिक हप्ता सुमारे ६६ हजार रुपये येतो. तीनही वर्षे व्याज वेळच्या वेळी भरल्यास तोच हप्ता ५३ हजारांच्या आसपास राहतो. मात्र त्यासाठी पहिल्या वर्षी दरमहा सुमारे १७ हजार आणि पुढे त्याच्या दुप्पट रक्कम घरातूनच उभी करावी लागते. निवृत्तीला आलेल्या पित्याचे राहते घर तारण असेल, तर हे आकडे अर्जावर सही करण्यापूर्वीच कागदावर मांडलेले बरे.

याउलट गेटद्वारे एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावृत्ती मिळू शकते. दोन वर्षांत ही रक्कम जवळपास तीन लाख होते. ही श्रीमंती नव्हे, पण कर्जाचा आकार त्यामुळे आवाक्यात राहतो.

नावलौकिकाचे गणित अधिक फसवे. रुडकीची ख्याती १८४७ पासून स्थापत्य अभियांत्रिकीशी जोडलेली आहे. तेथील संगणकशास्त्राचा विभाग पारखण्यास ती ख्याती कामी येत नाही. विद्यापीठाचे स्थान आणि विभागाचे स्थान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत प्राध्यापकांकडील संशोधन साहाय्यकाच्या जागा बहुधा प्रथम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना जातात, हेही ध्यानी घ्यावे. ‘तिथे गेल्यावर काम मिळेलच’ या भरवशावर कर्जाची रक्कम कमी धरणे धोक्याचे.

नियमही बदलतात. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन बी अर्जांसाठी एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. डॉलरमधील पगार गृहीत धरून आखलेली परतफेड रुपयातील पगारातून झेपेल काय, हा प्रश्न म्हणूनच अनाठायी नाही.

गेटचे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतात. परदेशी प्रवेश महाग पडला आणि यंदा देशातही मनाजोगता विभाग मिळाला नाही, तर वर्षभर नोकरी करून, थोडी शिल्लक गाठीशी बांधून त्याच गुणांवर पुन्हा अर्ज करता येतो. ही तिसरी वाट पालकांच्या चर्चेत क्वचितच येते.