राष्ट्राला उद्देशून, मोजक्यांसाठी : अमेरिकी अध्यक्षीय प्रचारातील अटीतटीची राज्ये

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार संपूर्ण राष्ट्राला उद्देशून बोलतो. परंतु त्याच्या भाषणाचा अभिप्रेत श्रोता बहुधा मोजक्या राज्यांतच असतो. या विसंगतीचे मूळ निवडणुकीच्या रचनेत आहे. अध्यक्षाची निवड ५३८ निर्वाचकांचे मंडळ करते व विजयासाठी २७० मते लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता अन्य राज्यांत आघाडीच्या उमेदवाराला तेथील सर्व निर्वाचक-मते मिळतात. त्यामुळे राज्य लाखो मतांनी जिंकले काय किंवा शेकड्यांनी, फळ सारखेच. २००० साली फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांच्या फरकाने अध्यक्ष ठरला.

या गणिताकडे दुर्लक्ष करण्याची किंमत १९६० मध्ये दिसून आली. रिचर्ड निक्सन यांनी पन्नासही राज्यांना भेट देण्याचे वचन दिले होते. ते पाळण्यासाठी त्यांनी मतदानाच्या तोंडावर अलास्का गाठले. ते राज्य त्यांनी जिंकलेही. मिळालेली निर्वाचक-मते मात्र तीन. जॉन केनेडी यांनी इलिनॉय सुमारे नऊ हजार मतांनी जिंकले व सत्तावीस निर्वाचक-मते मिळवली. राष्ट्राला समान लेखणारा प्रचार हा रणनीतीच्या दृष्टीने अपव्यय ठरतो, हा धडा पुढील प्रचारकांनी पक्का गिरवला.

प्रचाराची भाषाही या भूगोलाने घडते. खडक फोडून नैसर्गिक वायू काढण्याच्या पद्धतीवर बंदी घालण्यास कमला हॅरिस यांनी २०१९ मध्ये पाठिंबा दिला होता. २०२४ मध्ये अशी बंदी घालणार नसल्याचे त्यांनी सांगितले. हा उद्योग पेनसिल्व्हेनियात महत्त्वाचा आहे आणि त्या राज्याकडे एकोणीस निर्वाचक-मते होती.

या पद्धतीवरील टीका सामान्यतः निकालापुरती राहते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे अठ्ठावीस लाख मते अधिक मिळूनही त्या पराभूत झाल्या, हे उदाहरण वारंवार दिले जाते. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अटीतटीची सातही राज्ये जिंकली आणि देशभरातही अधिक मते मिळवली. म्हणजे निकालातील विसंगती उरली नाही. संबोधनातील विसंगती मात्र कायम राहिली. कॅलिफोर्निया वा टेक्सासमधील कोट्यवधी मतदारांनी प्रचार ऐकला, पण तो मुख्यतः इतरांशी चाललेला संवाद होता. म्हणूनच अशा भाषणांच्या संहितेचा अभ्यास करताना त्यातील 'आपण' या सर्वनामात नेमके कोण सामावले आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.