खारा वारा आणि पाचटातला पाईप

आपल्यापैकी बऱ्याच सभासदांचे भाऊबंद गिरणीच्या निमित्ताने मुंबईस प्रभादेवी-परळ भागात राहिले. सिद्धिविनायकाच्या दर्शनास जाणारेही पुष्कळ. गेलात तर प्रभादेवीला समुद्राच्या अंगाच्या जुन्या इमारती जरा न्याहाळा. खिडकीचे गज रंगाखाली फुगलेले, सज्ज्याचा गिलावा पडून सळई उघडी. लोक म्हणतात, 'खारी हवा हो!' त्या हवेत मिठाचे बारीक कण असतात आणि मिठात वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीनच असतो, क्लोराइडच्या रूपात.

सिमेंटमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो. क्लोराइड तिथवर झिरपले की तो थर तुटतो, गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटते. मग वरून गिलावा थापून काय उपयोग? आपल्याकडे समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहू नका. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर हौद किंवा स्लॅबच्या आधी तपासून घ्या. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटला पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालते.

मीठ सावकाश खाते, वायू थांबत नाही. प्रभादेवीहून जवळच शिवडीला १४ जुलै २०१० रोजी जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला, तेव्हा कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले.

आणि आपण काय करतो? पाचट पेटवू नका म्हणून आम्ही दरसाल घसा कोरडा करतो. तरी पेटतेच, वर त्यात फुटके पीव्हीसी पाईपही जातात. पीव्हीसीतही निम्म्याहून जास्त क्लोरीन. जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. त्याला ओल मिळाली की फरशी धुवायचे ॲसिडच तयार! डोळे झोंबतात, घसा धरतो, मोटारीच्या पेटीतले तांबे आणि शेडचा पत्रा खराब होतो. शिवाय डायॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते वैरणीवाटे जनावराच्या दुधात उतरते. (ठिबकच्या काळ्या नळ्या पॉलिथिनच्या, त्यांत क्लोरीन नसतो, पण म्हणून त्या जाळा असे नव्हे.)

ओझोनला भोक पडते ते याच धुराने का, असे काही सभासद विचारतात. नाही. हा वायू पावसात विरघळून खाली येतो, म्हणजे आपल्याच रानात. ओझोन खाल्ला तो जुन्या फ्रीजमधल्या सीएफसी वायूने. तो पाण्यात धुतला जात नाही. थेट वर जाऊन तिथे क्लोरीन सोडतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले.

तेव्हा तोडणी झाली की पाचट सरीत पसरा. फुटके पाईप आधी वेचून बांधावर काढा. भंगारवाला किलोवर नेतो.