सरड्याचा जठराग्नी

चाळकेवाडीच्या सड्यावर एप्रिल-मे महिन्यात सरडे पाहायचे असतील, तर भल्या पहाटे पोहोचून उपयोग नाही. साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याने वर चढलं, की पवनचक्क्यांच्या रांगा सुरू होतात आणि पायाखाली जांभ्या दगडाचा उघडा माळ पसरतो. वारा इतका, की टोपी हाताने धरून ठेवावी लागते. ऊन अंगाला जाणवायला लागेपर्यंत माळावर काही हलत नाही. मग एखाद्या दगडावर शेपटीसकट वीतभर लांबीचा सरडा येऊन बसतो, पोट दगडाला टेकवतो आणि बराच वेळ तसाच राहतो. अंग तापलं, की नर मान उंचावतो आणि गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग त्या करड्या दगडावर एकदम पेटल्यासारखे दिसतात.

या सरड्यांच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव मराठी आहे, हे साताऱ्यातल्या कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. 2016 साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातल्या पंखागळ्याच्या सरड्यांचा नव्याने अभ्यास केला. त्यातले काही सरडे इतके वेगळे निघाले, की त्यांच्यासाठी नवी प्रजाती करावी लागली आणि तिला नाव दिलं ‘सरडा’. चाळकेवाडीचा हा ‘सरडा सुपर्बा’. त्याचा एक भाऊबंद चार्ल्स डार्विनच्या नावाने ‘सरडा डार्विनी’ झाला.

हे सगळे अ‍ॅगॅमिडी कुळातले. आपल्या कुंपणावर मान हलवणारा सरडाही त्याच कुळातला आणि ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला बिअर्डेड ड्रॅगनही त्याच कुळातला. हा दुसरा प्राणी गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या घरांत काचेच्या पेटीतून येऊ लागला आहे. ऑस्ट्रेलियातून तिथल्या वन्य सरड्यांच्या व्यापारी निर्यातीला बंदी आहे. त्यामुळे जगभर पाळले जाणारे बहुतेक ड्रॅगन पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले आहेत. पण पेटीत जन्मला म्हणून त्याचं पोट बदललेलं नाही. ते अजून वाळवंटातलंच आहे.

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा डिसेंबरात फोन आला. “मामा, सात दिवस झाले, याने शी केलेली नाही. पोट बघ कसं टम्म झालंय.” त्याच्याकडचं बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू तीन महिन्यांचं, लांबी वीत-सव्वावीत. भाचा त्याला दिवसातून तीनदा रातकिडे घालत होता आणि पिल्लू ते मटामट खात होतं. खातंय म्हणजे बरं आहे, असं आपण लहान मुलाबद्दल धरतो, तसंच त्याने धरलं होतं. ताईने तर एरंडेलाची बाटली काढून ठेवली होती. सुदैवाने ती अजून उघडली नव्हती.

मी गेलो तेव्हा पेटी पाहून कौतुकच वाटलं. बारीक वाळू, मधे एक वाळकं खोड, कोपऱ्यात दिवा आणि सकाळचं ऊन मिळावं म्हणून पेटी पूर्वेच्या खिडकीला लावलेली. मी दिव्याखाली तापमापक ठेवून अर्धा तास वाट पाहिली. पारा 30 अंशांच्या पुढे जाईना. पिल्लू त्या दिव्याखालीच, अंगाचा रंग काळपट करून, चपटं होऊन बसलं होतं. काळा रंग उष्णता जास्त शोषतो, म्हणून हे प्राणी थंडी वाजली की गडद होतात. एवढासा जीव आपल्या कातडीने सांगत होता, की मला ऊब पुरत नाही.

आपल्या आजीच्या बोलण्यात जठराग्नी हा शब्द असायचा. भूक मंदावली, की अग्नी मंद झाला. माणसाच्या बाबतीत तो अग्नी पोटातच असतो. बाहेर महाबळेश्वरची थंडी असो की सांगलीचा मे महिना असो, आपलं शरीर 37 अंशांच्या आसपासच राहतं, आणि अन्नाचे तुकडे करणारी पाचक द्रव्यं त्या उष्णतेत आपलं काम करत राहतात. त्याची किंमत मात्र मोठी असते. आपल्या जेवणाचा मोठा हिस्सा ही भट्टी पेटती ठेवण्यातच खर्च होतो. सरड्याने ही भट्टी ठेवलीच नाही. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दहाव्या हिश्श्यात त्याचं भागतं. सरड्याचा जठराग्नी आकाशात असतो आणि तापलेल्या दगडात असतो.

म्हणून खाणं आणि पचवणं ही त्याच्या बाबतीत दोन वेगळी कामं आहेत. उष्णता 10 अंशांनी उतरली, की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. आतड्याच्या भिंतींची हालचालही तशीच मंदावते. पिल्लू मात्र समोर हलणारा किडा दिसला की झडप घालतंच. मग पोटात साठलेले किडे पचण्याआधीच कुजायला लागतात, वायू धरतो, पाणी शोषलं जाऊन मळ घट्ट होतो आणि आतडं तुंबतं. रानातले अनेक सरपटणारे प्राणी जेवण झाल्यावर मुद्दाम अधिक उबदार जागा शोधतात. पेटीतल्या पिल्लाला शोधायला दुसरी जागाच नसते. ती आपण करून द्यावी लागते.

पिल्लासाठी पेटीच्या एका टोकाला, दिव्याखालच्या दगडावर, 38 ते 42 अंश लागतात. दुसरं टोक 25 ते 28 अंशांवर असावं, म्हणजे तापल्यावर त्याला बाजूला होता येतं. रात्री 20 पर्यंत उतरलं तरी चालतं. काचेला चिकटवायची तापमापकाची पट्टी काचेचं तापमान सांगते, दगडाचं नव्हे. म्हणून पिल्लू जिथे पोट टेकतं, तिथलंच मोजावं. आणि वीज गेली तर? कृष्णेकाठी हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरासारखी वेळ आली, तर पिल्लाला अंधारात, कोरडं आणि मऊ कपड्यात गुंडाळून ठेवावं आणि ऊब परत येईपर्यंत खायला घालू नये. उपाशी पोटाने ते काही दिवस सहज काढतं. भरल्या पोटाने थंडीत राहणं त्याला जास्त घातक आहे.

भाच्याच्या पेटीतली दुसरी चूक खिडकीची होती आणि ती भल्याभल्यांची होते. ऊन येतं, मग अजून काय हवं? उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ज्यांच्या जोरावर कातडीत डी जीवनसत्त्व तयार होतं, ते किरण खिडकीची काच जवळजवळ सगळे अडवते. आत येतो तो उजेड आणि थोडी ऊब. डी जीवनसत्त्व नसेल, तर आतड्याला अन्नातलं कॅल्शियम उचलता येत नाही. कॅल्शियम कमी पडलं, की पिल्लाची हाडं लवचीक होतात, जबडा रबरासारखा लागतो, पाय थरथरतात. हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण स्नायूंच्या आकुंचनालाही कॅल्शियमच लागतं, आणि आतडं हाही स्नायूच आहे. म्हणजे खिडकीच्या काचेपासून निघालेली गोष्ट शेवटी तुंबलेल्या पोटापर्यंत येऊन पोचते. म्हणून अतिनील किरणांची खास नळी बसवावी आणि तिच्या व पिल्लाच्या मधे काच येऊ देऊ नये. ती नळी उजेड देत राहिली तरी तिचे किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरतात, तेव्हा तारीख लिहून ठेवून बदलावी.

आता खाण्याकडे येऊ. पिल्लाचं आणि मोठ्याचं ताट अगदी उलट असतं. अंड्यातून बाहेर पडताना जेमतेम 10 सेंटीमीटरचं असलेलं पिल्लू वर्षभरात जवळपास पूर्ण वाढतं. त्या वाढीला प्रथिनं लागतात, म्हणून सुरुवातीला ताटातला मोठा वाटा किड्यांचा आणि थोडा पाल्याचा. मोठेपणी पाला जास्त, किडे कमी. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच घालावं. शेवटचं जेवण दिवे मालवण्याच्या दोन-तीन तास आधी, म्हणजे ते पचायला ऊब शिल्लक राहते. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. या कुळातले सरडे अन्न चावून बारीक करत नाहीत. त्यांचे दात जबड्याच्या कडेलाच जोडलेले असतात, पडले तर पुन्हा येत नाहीत, आणि त्यांचं काम किडा धरून चिरडण्याचं. मोठा, कडक पाठीचा किडा तसाच्या तसा आत जातो.

रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. पिल्लाला हवं ते नेमकं उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट. म्हणून किड्यांना आदल्या दिवशी चांगला पाला खाऊ घालायचा आणि पिल्लापुढे टाकताना फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं. आपल्या परसात यासाठी सोन्यासारखी वस्तू आहे, शेवग्याचा कोवळा पाला. तुतीची पानं, जास्वंदीची फुलं, किसलेला लाल भोपळा हेही चालतं. पालक मात्र रोज नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते मळावाटे निघून जातं. तासगावच्या द्राक्षाचा बारीक तुकडा क्वचित एखाद्या दिवशी ठीक. बेदाणा नको, साखरेने आतड्यातल्या जिवाणूंचं गणित बिघडतं.

किडे बाहेरून धरून आणायची एक सवय मला फार भीतीची वाटते. सांगली-मिरज भागात द्राक्षबागांवर हंगामात किती फवारण्या होतात, हे कुणाला सांगायला नको. बांधावरचा मलूल नाकतोडा सहज सापडतो, कारण तो आधीच विषाने अर्धमेला असतो. आणि मृगाच्या तोंडावर सह्याद्रीत चमकणारे काजवे? अमेरिकेत पाळीव बिअर्डेड ड्रॅगन काजवा खाऊन मेल्याच्या घटना 1990 च्या दशकात नोंदल्या गेल्या. तिथल्या काजव्यांत हृदयावर आघात करणारं द्रव्य असतं, बेडकाच्या विषाच्या जवळचं, आणि एक काजवा एका ड्रॅगनला पुरतो. ड्रॅगनच्या मूळ कोरड्या मुलखात हे काजवे नव्हते, म्हणून त्याला ते टाळायचं शिक्षणच मिळालेलं नाही. आपल्या काजव्यांवर प्रयोग करून पाहण्याची गरज नाही.

दूधही नको. सांगली जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागतं, कारण बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यातलं. नागपंचमीला नागापुढे दूध ठेवायची रीत जुनी आहे, पण साप काय किंवा सरडा काय, यांच्यातली कुणी आई पिल्लाला दूध पाजत नाही. दुधातली साखर फोडणारं द्रव्य त्यांच्या आतड्यात नसतं. कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेला नाग समोर येईल ते द्रव पितो, आणि आपण त्याला भक्ती समजतो.

पिल्लाची तब्येत सर्वांत खरी सांगते ती त्याची शी. तिचे दोन भाग असतात. तपकिरी भाग अन्नाचा आणि पांढरा, खडूसारखा भाग म्हणजे त्याचं मूत्र. पाणी वाचवण्यासाठी हे प्राणी युरियाऐवजी युरिक आम्ल घट्ट करून टाकतात. पांढरा भाग मऊ असला तर ठीक, पिवळा आणि कडक झाला तर पाणी कमी पडतंय. पातळ, फार घाण वासाची शी दोन दिवस होत राहिली आणि पिल्लू खाऊनही वाळत चाललं, तर आतड्यात कॉक्सिडिया नावाचे एकपेशीय परजीवी वाढले असण्याची शक्यता मोठी. हा पिल्लांमधला नेहमीचा आजार आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ताजी शी पाहिल्याशिवाय तो कळत नाही. छोट्या डबीत ती घेऊन पशुवैद्यकाकडे जावं. साताऱ्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्याकडच्या पशुवैद्यकांचा दिवस गाई-म्हशींत जातो हे खरं, पण परजीवींची अंडी ओळखणारा डोळा गाईच्या शेणावरच तयार झालेला असतो. पिल्लू मागचे पाय ओढत चालायला लागलं, किंवा पोट कडक होऊन त्याने खाणंच सोडलं, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये.

भाच्याच्या पिल्लाची वेळ तिथपर्यंत आली नव्हती. आम्ही वाळू काढून शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, दिवा मोठा लावून खाली आणला, खाणं बंद केलं. कोमट पाण्यात, खांद्याच्या वर पाणी जाणार नाही असं, वीस मिनिटं बसवलं. ताई शेजारी टॉवेल धरून उभी. तिसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने फोटो पाठवला. तपकिरी आणि पांढरा, दोन्ही भाग स्पष्ट. एवढा आनंद त्याच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मे महिन्यात मी त्याला चाळकेवाडीला नेलं. वाटेत त्याला तिथल्याच एका अभ्यासाबद्दल सांगितलं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी 2018 साली तो प्रसिद्ध केला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. पवनचक्क्यांजवळ पक्षी घटले म्हणून सरडे वाढले, त्यांची भीतीही कमी झाली. पण वाढलेल्या गर्दीत घास वाटला गेला. हे सरडे अंगाने हडकलेले होते आणि त्यांच्या गळ्याच्या पंख्यावरचे रंगही फिके पडले होते.

“म्हणजे पोट रिकामं, की रंग उतरतो?” भाच्याने विचारलं. त्याने खिशातून तापमान मोजायचं यंत्र काढलं. ते तो आता सगळीकडे घेऊन फिरतो. दहा हातांवर एक नर पोट टेकून बसला होता. आम्ही जवळ गेलो नाही. तो आपणहून उठून गवताच्या सावलीत गेला, तेव्हा भाच्याने दगडावर यंत्र धरलं. 41 अंश. सरडा गवतात मुंग्यांच्या रांगेजवळ थांबला होता आणि एकेक मुंगी टिपत होता.