प्राणवायूची तूट आणि जनुकांची साक्ष

पेण-रोहा परिसरातील रुग्णांचे नातेवाईक वारंवार विचारतात : बोटावरील यंत्र ९८ दाखवीत असता डॉक्टर चिंतेत का? प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. तरी वैद्यकीय सहकाऱ्यांमुळे उमगले ते असे. यंत्र रक्तातील हिमोग्लोबिन किती टक्के भरले आहे एवढेच सांगते. हिमोग्लोबिनच कमी असेल, तर ऊती उपाशी राहू शकतात.

ही उपासमार पेशी स्वतः ओळखतात. प्राणवायू पुरेसा असता 'एचआयएफ' हे प्रथिन सतत नष्ट होते. तूट पडताच ते टिकते आणि ठरावीक जनुके जागी करते. त्या जनुकांची वाढलेली अभिव्यक्ती हीच तुटीची खूण. कर्करोगाच्या गाठींत 'सीए-९' हे जनुक त्यासाठी पाहिले जाते. या यंत्रणेच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही तपासणी प्रामुख्याने संशोधनापुरतीच आहे.

मात्र याच जनुकांपैकी एक मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन निर्माण करते व त्यामुळे तांबड्या पेशी वाढतात. मूत्रपिंड निकामी झाले की ती निर्मिती अपुरी पडते. म्हणूनच डायलिसिसच्या अनेक रुग्णांना त्याचे इंजेक्शन द्यावे लागते. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, इंजेक्शनवर नाही. खर्च मात्र महिनोन्‌महिने चालू राहतो.