गॅसची तोटी कुणी बंद केली?

युक्रेनचं युद्ध सुरू झालं तसे ‘निर्बंध’ आपल्याकडच्या बातम्यांत रोजचे झाले आणि त्यांच्याभोवती काही समजुती घट्ट बसल्या. युरोपनं रशियाचा गॅस बंद करून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, रशियाचं काहीच बिघडलं नाही, भारतानं निर्बंध धुडकावून तेल घेतलं. चहाच्या टेबलावर ही वाक्यं इतक्या सहज फेकली जातात की कुणी तपासायच्या फंदात पडत नाही. त्यातली पहिलीच समजूत चुकीची आहे, आणि बाकीच्या तिच्याच आधारानं उभ्या आहेत.

‘युरोपनं रशियन गॅसवर बंदी घातली’

युरोपीय संघानं २०२२ साली काढलेले निर्बंधांचे आदेश पाहिले तर त्यात कोळसा आहे, १० ऑगस्टपासून. समुद्रमार्गे येणारं कच्चं तेल आहे, ५ डिसेंबरपासून. डिझेल-पेट्रोलसारखे शुद्ध केलेले पदार्थ आहेत, ५ फेब्रुवारी २०२३ पासून. गॅस नाही. तो जाणूनबुजून वगळला होता. आदल्या वर्षी संघानं रशियाकडून सुमारे १५५ अब्ज घनमीटर गॅस घेतला होता, म्हणजे एकूण आयातीच्या जवळपास ४५ टक्के. जर्मनीचं तर निम्म्याहून अधिक गॅससाठी रशियावाचून चालत नव्हतं. रशियन बँकांना ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून बाहेर काढलं, तेव्हाही गॅझप्रॉमबँकेला हात लावला नाही, कारण गॅसचं बिल तिच्यामार्फत चुकतं होत असे.

तोटी फिरवली ती रशियानं. ३१ मार्च २०२२ रोजी पुतिन यांनी फर्मान काढलं की ‘मित्र नसलेल्या’ देशांनी गॅसचे पैसे गॅझप्रॉमबँकेत खाती उघडून रूबलमध्ये चुकते करावेत. पोलंड आणि बल्गेरियानं नकार दिला. २७ एप्रिलला त्यांचा गॅस बंद. मे महिन्यात फिनलंडचा. मग आली रशियातून जर्मनीला येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम १ या मुख्य नळवाहिनीची पाळी. जूनमध्ये तिचा पुरवठा क्षमतेच्या ४० टक्क्यांवर आणला गेला. कारण सांगितलं ते असं की सीमेन्सचं एक टर्बाइन दुरुस्तीला कॅनडात गेलंय आणि निर्बंधांमुळे तिकडेच अडकलंय. कॅनडानं स्वतःच्या निर्बंधांना अपवाद करून टर्बाइन जर्मनीत पाठवलं. तरी गॅझप्रॉम ही रशियाची सरकारी गॅस कंपनी ते घेईना. ऑगस्टच्या सुरुवातीला म्युलहाइम गावी त्या यंत्राशेजारी उभे राहून जर्मन चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी पत्रकारांना सांगितलं की यंत्र तयार आहे, फक्त कुणीतरी ‘पाठवा’ म्हणायला हवं. कुणी म्हटलं नाही. तोवर पुरवठा २० टक्क्यांवर उतरला होता. ऑगस्टअखेर तीन दिवसांच्या देखभालीसाठी म्हणून नळी थांबवली ती पुन्हा सुरू झालीच नाही. सव्वीस सप्टेंबरला बोर्नहोम बेटाजवळ समुद्राखाली स्फोट झाले आणि दोन्ही नॉर्ड स्ट्रीम प्रकल्पांच्या चारपैकी तीन नळ्या फुटल्या.

या काळात युरोपच्या बाजारात गॅसचा भाव, जो एरवी मेगावॅट-तासाला वीसेक युरो असे, तो ऑगस्टच्या शेवटी तीनशेच्या वर गेला. बंदी घालणारा आणि बंदी सोसणारा यांची सरमिसळ झाली ती इथे. युद्धकाळात निर्बंध दोन्ही बाजूंनी लागतात. कुणाचे राजपत्रात छापून येतात, कुणाचे ‘देखभालीसाठी बंद’ म्हणून येतात.

द्रवरूप गॅसचा, म्हणजे एलएनजीचा, मामला आणखी विचित्र. सैबेरियाच्या उत्तर टोकाला साबेत्ता बंदर आहे. तिथल्या यमाल एलएनजी प्रकल्पाची बर्फ फोडणारी जहाजं युद्ध सुरू झाल्यानंतरही बेल्जियमच्या झीब्रुगला आणि फ्रान्सच्या बंदरांना लागत राहिली. युरोपीय संघानं दीर्घ मुदतीच्या करारांखालच्या या आयातीवर बंदी जाहीर केली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि तीही १ जानेवारी २०२७ पासून लागू होणारी.

‘रशियावर विसंबणं हा निव्वळ भाबडेपणा होता’

निम्मं खरं. पश्चिम जर्मनीनं सोव्हिएत संघाशी १९७० मध्ये सौदा केला तो रोखठोक होता: मानेसमान कंपनीचे रुंद पोलादी नळ द्यायचे, बदल्यात गॅस घ्यायचा. १९७३ पासून गॅस यायला लागला आणि शीतयुद्धाच्या ऐन भरातही येत राहिला. रोनाल्ड रेगन यांनी सैबेरियाच्या पुढच्या नळवाहिनीच्या यंत्रसामग्रीवर निर्बंध लावले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मार्गारेट थॅचरही होत्या. १९८२ च्या नोव्हेंबरात रेगन यांना ते मागे घ्यावे लागले. तीसेक वर्षांचा अनुभव ज्या पुरवठादाराच्या बाजूनं बोलतो, त्याच्यावर भरवसा ठेवणं याला भाबडेपणा म्हणता येत नाही.

भाबडेपणा झाला तो त्यानंतरचा. जानेवारी २००६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २००९ मध्ये गॅझप्रॉमनं युक्रेनशी भांडून गॅस तोडला. दुसऱ्या वेळी तर ऐन थंडीत सुमारे दोन आठवडे पूर्व युरोप गारठला. यावर जर्मनीचा उपाय काय, तर युक्रेनला वळसा घालून थेट रशियातून येणारी वर्षाला ५५ अब्ज घनमीटर क्षमतेची नळी, म्हणजेच नॉर्ड स्ट्रीम १! ती २०११ साली सुरू झाली. त्यात भर म्हणजे रेडेन इथलं देशातलं सर्वांत मोठं गॅससाठवण केंद्र २०१५ मध्ये गॅझप्रॉमच्या ताब्यात गेलं. २०२१ च्या शरदात, हिवाळा तोंडावर असताना, ते जवळजवळ रिकामं होतं. ज्याच्याकडून शिधा घ्यायचा त्यालाच कोठाराची किल्ली देण्याचा हा प्रकार होता. आणि युद्ध सुरू झालं त्या दिवशी जर्मनीकडे एलएनजी उतरवून घेणारं एकही टर्मिनल नव्हतं. छोट्याशा लिथुआनियाकडे ते २०१४ पासून होतं, म्हणून एप्रिल २०२२ मध्ये तो देश रशियन गॅस घेणं सरळ थांबवू शकला.

मनावर घेतल्यावर जर्मनीलाही जमलं, हे खरं. विल्हेल्म्सहाफेनचं पहिलं तरंगतं टर्मिनल दहा महिन्यांच्या आत, १७ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं. किंमत मात्र मोजावी लागली. युनिपर ही बडी गॅस कंपनी सरकारला आपल्या ताब्यात घ्यावी लागली, आणि बीएएसएफ या रसायन कंपनीनं लुडविग्सहाफेनमधले अमोनियासह काही कारखाने बंद करायचं ठरवलं.

‘रशियाचं काहीच बिघडलं नाही’

२०२२ पुरतं बोलाल तर मान्य. भाव इतके चढले की माल कमी विकूनही गल्ला जास्त भरला. रशियाच्या केंद्रीय अर्थसंकल्पात तेल आणि गॅसमधून सुमारे ११.६ लाख कोटी रूबल आले. २०२३ मध्ये हाच आकडा ८.८ लाख कोटींवर घसरला आणि २०२४ मध्ये पुन्हा ११ लाख कोटींच्या वर गेला. म्हणजे ना रशिया कोसळला, ना सुटला.

पण तेल आणि गॅस या दोन गोष्टी एका दमात बोलण्यात घोळ आहे. तेल जहाजात भरलं की त्याला कुठलंही बंदर चालतं. रोटरडॅमनं नको म्हटलं तर ते गुजरातच्या वाडिनारला किंवा चीनच्या किनाऱ्याला जातं. नळीतल्या गॅसला ही सोय नाही. युरोपला जाणारा गॅस पश्चिम सैबेरियाच्या विहिरींतून निघतो. चीनला जाणारी ‘पॉवर ऑफ सैबेरिया’ नळवाहिनी निघते पूर्व सैबेरियातून, वेगळ्या विहिरींतून, आणि या दोन जाळ्यांना जोडणारी नळी नाही. चीनच्या नळीची क्षमताही वर्षाला ३८ अब्ज घनमीटर. म्हणजे युरोपचं गेलेलं गिऱ्हाईक चीन भरून काढील, हे नकाशावर बोट ठेवून म्हणणं सोपं. जमिनीत नळीच नाही. मंगोलियातून नेण्याच्या दुसऱ्या नळीच्या गोष्टी कित्येक वर्षं चालल्या आहेत, सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर सह्याही झाल्या, पण भावाचं घोडं तिथेच अडलेलं. परिणाम गॅझप्रॉमच्या ताळेबंदात दिसला: २०२३ साली ६२९ अब्ज रूबलचा तोटा, १९९९ नंतरचा पहिला. युरोपची तोटी फिरवताना जो हात चालला, तो आपल्याच दुकानाला कुलूप लावत होता.

‘भारतानं निर्बंध मोडले’

भारत बंधनकारक मानतो ते संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध, आणि सुरक्षा परिषदेत रशियालाच नकाराधिकार असल्यामुळे रशियावर ते अस्तित्वातच नाहीत. हे झालं कायद्याचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘जी ७’ देशांनी डिसेंबर २०२२ मध्ये पिंपाला ६० डॉलरची जी कमाल किंमत ठरवली, तिचा हेतू रशियन तेल बाजारातून उठवणं हा नव्हताच. ते उठलं असतं तर भाव भडकून अमेरिकेतल्या पंपावरच ओरड झाली असती. तेल वाहत राहावं, पण रशियाच्या हाती कमी पैसा पडावा, असा तो बेत. त्यासाठी हत्यार वापरलं विम्याचं. जगातल्या सागरी मालवाहतुकीचा सुमारे ९० टक्के दायित्व विमा मोजक्या विमा संस्थांच्या एका गटाकडे आहे, त्यातल्या बहुतेक ब्रिटन आणि युरोपातल्या. ठरलेल्या किमतीपेक्षा महाग तेल असेल तर विमा नाही. उत्तरादाखल रशियानं जुनी, मालक कोण ते कळू नये अशी टँकर जहाजं गोळा केली आणि विम्याचं हे हत्यार पुष्कळ बोथट केलं. भारतानं हवं तेवढं तेल घ्यावं, फक्त त्या किमतीपेक्षा महाग घेताना पाश्चात्त्य विमा मागू नये, असं तेव्हाच्या अमेरिकी अर्थमंत्री जॅनेट येलेन जाहीरपणे म्हणाल्या होत्या.

याच भारतानं २०१९ च्या मे महिन्यात, अमेरिकेनं सवलत काढून घेताच, इराणचं तेल घेणं थांबवलं होतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं. जिथे खरेदीदारालाच दंडाची धमकी असते तिथे धुडकावणं इतकं सोपं नसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेनं रोसनेफ्ट आणि ल्युकऑइल या कंपन्यांवर थेट निर्बंध लावल्यावर रिलायन्सनं जामनगरच्या निर्यातीच्या रिफायनरीत रशियन तेल आणणं बंद केलं.

युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता, तो तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. यातही दोन समजुती राहून जातात. एक, रशियाला याचा निर्भेळ फायदा झाला. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लाव्हरोव यांनी पत्रकारांपुढे बोलून दाखवलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. तेल विकून मिळालेल्या रुपयांत आपल्याकडून घेण्यासारखं पुरेसं काही नव्हतं. दोन, आपलं पेट्रोल स्वस्त झालं. मुंबईत जुलै २०२२ पासून लिटरला १०६ रुपये ३१ पैसे असलेला दर मार्च २०२४ पर्यंत हलला नाही, आणि मग दोनेक रुपये उतरला, तोही लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर. स्वस्त तेलाचा फायदा आधी तेल कंपन्यांच्या हिशेबवह्यांत गेला.

‘युरोपच्या संकटाशी आपला काय संबंध?’

युरोपनं नळीचा गॅस सोडून जहाजांचा गॅस विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती जहाजं कुणाची तरी ठरलेली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात पाकिस्तानच्या एलएनजी निविदेला एकही बोली आली नाही. बांगलादेशानं हजर बाजारातली खरेदीच थांबवून वीजकपात पत्करली. भारताला झळ लागली ती एका आडवाटेनं. आपल्या ‘गेल’ कंपनीनं २०१२ मध्ये गॅझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या उपकंपनीशी वीस वर्षांचा करार केला होता, वर्षाला सुमारे २८ लाख टन एलएनजीचा. ही उपकंपनी गॅझप्रॉम जर्मेनियाच्या छत्राखाली होती. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारनं गॅझप्रॉम जर्मेनियाचा कारभार हाती घेतला, मे महिन्यात रशियानं तिच्यावर उलट निर्बंध लावले, आणि या दोघांच्या ओढाताणीत गेलकडे यायची जहाजं आली नाहीत. गेलला आपल्या ग्राहकांचा, त्यात खत कारखान्यांचाही, गॅस कमी करावा लागला. मग लवादापुढे दावा गेला, आणि २०२५ च्या सुरुवातीला तो २८.५ कोटी डॉलरवर मिटला. पैसे चुकते केले ते गॅझप्रॉमनं नव्हे, तर जर्मन सरकारच्या मालकीच्या झालेल्या, ‘सेफे’ असं नवं नाव घेतलेल्या त्याच कंपनीनं.