समुद्रातले गवत आणि शेवाळ

आमचा गाव मालवण तालुक्यात आहे. गावाच्या पश्चिमेला समुद्र आहे. ओहोटी लागली की खडक उघडे पडतात. त्यांच्यावर शेवाळ असते. आम्ही मुले त्याला गवतच म्हणायचो. पण गवत वेगळे आणि शेवाळ वेगळे, हे मला बाईंनी सांगितले.

शेवाळाला खरी मुळे नसतात. खाली एक पकड असते, तिने ते खडकाला घट्ट धरते. अन्नद्रव्ये ते सगळ्या अंगाने पाण्यातूनच घेते. त्याला फूल येत नाही. शेवाळ तीन रंगांचे असते. हिरवे, तपकिरी आणि लाल. तपकिरीतल्या एकाचे नाव सारगॅसम. त्याला बारीक मणी असतात. दाबले की टप् करून फुटतात. आम्ही ते खूप फोडतो. त्या मण्यांत हवा असते. हवेमुळे शेवाळ पाण्यात उभे राहते आणि त्याला ऊन मिळते. काही लाल शेवाळांपासून चायना ग्रास बनते. त्याची जेली करतात.

समुद्रगवत मात्र खरी वनस्पती आहे. त्याला मूळ, खोड, पान आणि फूलसुद्धा असते. आमच्या खाडीच्या चिखलात ते आहे. त्याचे पान माझ्या नखाएवढेच. त्याची मुळे चिखल धरून ठेवतात. आजोबा म्हणतात, "अगो चेडवा, हेच्यात माशांची पिलां रवतत." खरेच, मी वाकून बघितले तर बारकी कोळंबी आणि कुर्ल्यांची पिल्ले दिसली. म्हणजे ती माशांची बालवाडीच झाली! तमिळनाडूत पाल्कच्या उपसागरात समुद्रगाय हे गवत खाते. तिच्यासाठी तिथे २०२२ साली राखीव क्षेत्र केले आहे.

गवताला आणि शेवाळाला ऊन लागते. डोंगर खणला की पावसात लाल माती वाहून खाडीत येते. पाणी गढूळ होते, मग ऊन खाली पोचत नाही. वर माती बसली तर गवत गुदमरते. गटाराचे पाणी आले तर हिरवे शेवाळ फार माजते आणि गवतावर सावली धरते. शिवाय कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुरामुळे हवा तापते, तशी अरबी समुद्राचे पाणीपण तापत चालले आहे. पाणी फार तापले की काही शेवाळे मरतात.

आणखी एक कारण मला आमच्या होडीत सापडले. बाबा भरतीला खाडीत नांगर टाकतात. एकदा नांगर वर काढला तर त्याला मुळांसकट गवत आले. मी म्हटले, "बाबा, शेतातला नांगर गवत उपटतो, तसा आपला नांगरपण उपटतो." बाबा हसले. मी म्हटले, "मग पिल्ले कुठे जातील? आणि मोठे मासे जाळ्यात कुठून येतील?" तेव्हा ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी होडी पलीकडे नेली आणि नुसत्या वाळूत नांगर टाकला.

मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. पण आमच्या खाडीतले गवत आम्हीच राखायला पाहिजे. मीपण आता मणी फोडायला खडकावरचे शेवाळ उपटत नाही. लाटेने किनाऱ्यावर आलेले असते ना, त्याचेच फोडते. तुम्हीपण तसेच करा.

– इयत्ता ४ थी