केरिओच्या कड्यावरच्या धाववाटा

कळसूबाईचा माथा समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटरवर आहे. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. पश्चिम केनियात, केरिओ नदीच्या खोऱ्यात याच उंचीवर जाऊन उभं राहिलं, तर आपण एका अजस्र कड्याच्या जेमतेम मध्यावर असतो. खाली पाचेकशे मीटरवर काटेरी बाभळींतून वाहणारी नदी. वर आणखी साडेसातशे मीटर चढलं की इटेन. तिथे बाजार भरतो, शाळा भरतात, मक्याची शेतं डोलतात आणि भल्या पहाटे शेकडो माणसं पळत असतात.

लांब पल्ल्याच्या धावण्यात ज्यांची नावं जगाला पाठ आहेत, त्यांतले कितीतरी या कड्याच्या काठावर वाढलेले किंवा इथे येऊन घडलेले. जग त्यामागचं रहस्य शोधायला येतं ते त्यांच्या रक्तात, पिंडऱ्यांत, नाहीतर ताटातल्या उगालीत. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मला सगळ्यात नवल वाटतं ते इथल्या वाटांचं. या वाटांवरून विश्वविक्रमवीर पळाले, पण त्यांतली एकही धावण्यासाठी म्हणून कुणी बांधलेली नाही.

हे खोरं नदीने कोरलेलं नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. पूर्व आफ्रिकेत पृथ्वीचं कवच ताणलं जातंय. त्या ताणात जमिनीचे लांबच लांब पट्टे खचले आणि काठ उभेच्या उभे राहिले. पश्चिमेचा काठ म्हणजे एल्गेयोचा कडा. केरिओ त्या खचलेल्या तळातून उत्तरेला वाहत तुर्काना सरोवराला मिळते. नदी नंतर आली, दरी आधीची. समोर, पूर्वेला, तुगेन टेकड्यांची रांग दिसते. त्या टेकड्यांत २००० साली सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याची हाडं सापडली. त्याला ‘ओरोरिन तुगेनेन्सिस’ असं नाव दिलं गेलं. त्याच्या मांडीच्या हाडाच्या घडणीवरून तो दोन पायांवर चालत असावा, असं संशोधकांना वाटतं. म्हणजे इटेनच्या कड्यावर उभं राहून पलीकडे पाहावं, तर नजरेच्या टप्प्यात दोन पायांवर चालण्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक, आणि पाठीमागे आज दोन पायांवर सर्वांत वेगाने लांब जाणारी माणसं. हा योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण असा योगायोग जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

या कड्यावर केयो आणि माराक्वेत लोक राहतात. कालेन्जिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समूहातले हे दोन गट. इथे कुळांच्या जमिनी उभ्या पट्ट्यांत वाटलेल्या असत: थोडी वरच्या थंड पठारावर, थोडी कड्याच्या मधल्या टप्प्यांवर, थोडी तळाशी. तळात ऊन आणि हिवताप, म्हणून घरं मधल्या टप्प्यांवर. ज्वारी आणि नाचणी खाली पिकायची, गुरांना चांगलं गवत वर मिळायचं. माराक्वेतांनी तर वरच्या ओढ्यांचं पाणी दगड-लाकडांच्या आधाराने कड्याच्या अंगावरून पाटांनी खाली आणलं. हे पाट शेकडो वर्षांचे आहेत, आजही वाहतात, आणि पाण्याची पाळी अजून कुळाकुळांत ठरते. रोजच्या कामासाठी हजार मीटर वर-खाली करणारी माणसं पिढ्यान् पिढ्या चालत राहिली आणि वाटा मळत गेल्या.

यातली सर्वांत प्रसिद्ध वाट मात्र तशी अलीकडची, आणि तिचा जन्म एका खनिजातून झाला. दरीच्या दक्षिण टोकाकडे किम्वारेरला फ्लोरस्पारची खाण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाली. पोलाद गाळताना मळी पातळ करायला आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल बनवायला हे खनिज लागतं. ते तळाशी, रेल्वे वर पठारावर. म्हणून भरलेले ट्रक चढू शकतील असा वळणावळणांचा रस्ता कड्यावरून पठारावरच्या न्यारूपर्यंत काढला गेला. २०१०च्या दशकात खाण बंद पडली, रस्ता उरला. धावपटूंनी रस्त्याला नाव दिलं तेही ‘फ्लोरस्पार’च.

या रस्त्यावर सुमारे २१ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनइतकं अंतर, नुसतं चढायचं असतं. एकूण चढण हजार मीटरहून अधिक. पहाटे गाडीने सगळ्यांना खाली सोडतात. गाडी मागून येते, धावपटू पुढे चढतात. उतार कुणी पळत नाही, आणि त्यात शहाणपण आहे. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराला ब्रेक लावावा लागतो. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. चढावर पाऊल कमी अंतर खाली पडतं, सांध्यांना बसणारा दणका घटतो, पण हृदयाला मात्र पुरेपूर राबावं लागतं. पायांची कमीत कमी झीज करून काळीज जास्तीत जास्त राबवायचं असेल, तर ट्रकांसाठी काढलेल्या या रस्त्यासारखी सोय प्रयोगशाळेतही करता आली नसती.

त्यात हवेचा खेळ आहेच. तळाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८८ टक्के, वरच्या पठारावर पाऊण. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण दोन्हीकडे तेच, सुमारे २१ टक्के. पण हवाच विरळ, म्हणून एका श्वासात येणारा ऐवज कमी. म्हणजे पाय जसजसे थकत जातात, तसतसा श्वासही तोकडा पडत जातो. शिवाय हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गारवा वाढतो. खाली घामाने निथळणारा माणूस वर पोचल्या पोचल्या जॅकेट शोधतो.

उंचीवर राहणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना प्राणवायूची ही टंचाई कळते. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात, मग अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी घडवते. (हेच संप्रेरक सुईने टोचून घेतलं की बंदी येते, केनियातल्या काही नामांकितांवर ती आलेली आहे.) पण उंचीवर एक अडचणही असते: प्राणवायू कमी, म्हणून फार वेगाने पळता येत नाही. त्यामुळे १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांनी ‘राहा उंचावर, पळा खाली’ असा तोडगा तपासला. इतर देशांत त्यासाठी विरळ हवेच्या खोल्या आणि तंबू बनवले गेले. केयोच्या पोराला तासाभराची मटाटू, म्हणजे तिथली वडाप, पुरते.

इटेनच्या वरच्या सपाटीवरच्या वाटा त्यामानाने सौम्य. तांबड्या मुरमाचे, मऊ, शेताशेतांमधून जाणारे रस्ते. आपल्या कोकणातल्या माणसाला रंग ओळखीचा वाटेल. गुरुवारी सकाळी इथे मोठी झुंड जमते: एक मिनिट झपाट्याने, एक मिनिट सावकाश, असं आलटून पालटून. या झुंडीत विश्वविजेता आणि उसन्या बुटांतला नवखा एकत्रच सुटतात. रविवारी चर्च आणि विश्रांती. गाव विषुववृत्ताला इतकं जवळ आहे की सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून दिनक्रमाला ऋतूप्रमाणे सरकावं लागत नाही.

१९७६ साली इथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत कॉल्म ओकॉनेल नावाचे आयरिश ब्रदर शिकवायला आले. विषय भूगोल. धावण्याच्या प्रशिक्षणाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, तरी ते प्रशिक्षक झाले. याच शाळेतला पीटर रोनो १९८८ला सोलमध्ये १,५०० मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला. पुढे त्यांनी घडवलेल्या डेव्हिड रुडिशाने २०१२ला लंडनमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पळून दाखवले. प्रशिक्षक ठरलेला माणूस भूगोलाचा शिक्षक असावा, याहून नेमकी निवड कुठल्या समितीला सुचली नसती.

उंची आणि वाटा सगळं सांगतात का? नाही. शरीरक्रियातज्ज्ञ बेंग्ट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी केनियन धावपटूंची स्कॅन्डिनेव्हियन धावपटूंशी तुलना केली आणि १९९५ साली निष्कर्ष छापले. प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेत अव्वल केनियन फार पुढे नव्हते. फरक होता तो काटकसरीत: त्याच वेगाला ते कमी प्राणवायू खर्च करत. बारीक, हलक्या पिंडऱ्यांचा यात वाटा असावा, कारण पायाच्या टोकाला असलेलं वजन दर पावलाला पुढे-मागे झुलवावं लागतं. ही पिंडरी वारशाने किती आणि वाटेने किती, यावर अभ्यासक अजून भांडतात.

चेपकोरिओ हे याच कड्याच्या वरच्या काठावरचं गाव. तिथे शेळ्या-मेंढ्या राखणारा एक अनवाणी पोरगा सराव करणाऱ्या धावपटूंच्या मागे लागायचा. तो केल्विन किप्टम. ८ ऑक्टोबर २०२३ला शिकागोत त्याने मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पूर्ण केली. चारच महिन्यांनी, चोवीस वर्षांचा असताना, तो याच भागात रात्रीच्या मोटार अपघातात गेला.

स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची शर्यत, हा कड्यावरच्या लोकांचा घरचा खेळ. आठ मिनिटांच्या आत ती शर्यत संपवणारा पहिला माणूस, मोझेस किप्तानुई, माराक्वेतचा, साल १९९५. १९९८ ते २०१८ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाने नेली. २०२२ला बर्मिंगहॅममध्ये ती रांग मोडली अविनाश साबळेने, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या. ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्य, सुवर्णापासून ०.०५ सेकंद मागे. मांडवा काही उंचावर नाही. पण लहानपणी शाळा सहा किलोमीटरवर होती आणि ते अंतर त्याने पायांनीच कापलं. उंचीचं काम पुढे उटीच्या सरावाने केलं.

या उभ्या भूगोलाची किंमतही इथलेच लोक मोजतात. पावसात कडा सुटतो. २०२०च्या एप्रिलमध्ये चेसेगोन गावात दरड कोसळून माणसं आणि अख्खा बाजार वाहून गेला. खोऱ्याच्या उत्तर भागात गुरांवरून होणाऱ्या बंदुकीच्या चकमकी अजून थांबलेल्या नाहीत. तिथल्या वाटांवर सरावाला कुणी जात नाही.

जायचंच असेल तर एल्डोरेट शहराहून मटाटूने इटेन तासाभरावर आहे. मार्च ते मे टाळावं, मुरमाचा चिखल बुटाला किलोभर चिकटतो. पहिला आठवडा सपाटीवर, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळावं. लाज वाटायचं कारण नाही, विश्वविजेतेही सकाळची पहिली काही किलोमीटर जवळजवळ चालल्यासारखीच पळतात. शाळेला निघालेली पोरं दप्तरासकट बाजूने पळू लागतील आणि हाय-हॅलो करत पुढे निघून जातील. त्यांच्याशी स्पर्धा करू नये. आणि फ्लोरस्पार पाहायचाच असेल, तर मागून येणाऱ्या गाडीत जागा मागावी.